दोन तारा, एकच चर

वाचकांच्या शंका : दूरच्या शाखांचे जाळे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच निघाला. विदर्भात विखुरलेल्या शाखा आणि घरून काम करणारी माणसे मुख्य कार्यालयाशी कशी जोडावीत, आणि ‘एसडी-वॅन’ किंवा ‘क्लाउड वॅन’ (वॅन म्हणजे दूरदूरची कार्यालये जोडणारे जाळे) या नावाने सध्या जे विकले जात आहे ते घ्यावे की नाही, असे हे प्रश्न आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून, आपल्या जाळ्यातील उणिवा चारचौघांत सांगणे कोणालाही अडचणीचे असल्यामुळे पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचा औषधांच्या घाऊक वितरणाचा व्यवसाय असून मुख्य कार्यालय नागपूरच्या गांधीबागेत आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर आणि गोंदिया येथे शाखा आहेत. गेली आठ वर्षे सर्व शाखा एकाच कंपनीच्या एमपीएलएस (भाड्याने घेतलेल्या खासगी) लाइनने जोडलेल्या आहेत. कराराचे नूतनीकरण जवळ आले असताना एका विक्रेत्याने “सगळे क्लाउडवर टाका, लीज लाइनची गरजच उरणार नाही” असे सुचवले आहे. हे कितपत खरे मानावे? — औषध वितरक, गांधीबाग

उत्तर : आपल्या विक्रेत्याने एका वाक्यात दोन वेगळ्या वस्तू गुंडाळल्या आहेत. त्या सुट्या करण्याआधी आपल्याकडे आज काय आहे ते पाहू.

एमपीएलएसचा मूळ आराखडा जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सेवा देणारी कंपनी आपल्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, एक छोटी चिठ्ठी लावते आणि वाटेतले राउटर पूर्ण पत्ता न पाहता त्या चिठ्ठीवरूनच पॅकेट पुढे ढकलतात. त्यामुळे एकाच तारेतून अनेक ग्राहकांची वाहतूक एकमेकांत न मिसळता नेता येते आणि दर्जाची लेखी हमीही देता येते. ही वाट खासगी असली तरी गुप्त नसते, म्हणजे तिच्यावरून जाणारा मजकूर आपोआप कूटबद्ध होत नाही, ही गोष्ट अनेक ग्राहकांना इतकी वर्षे लाइन वापरूनही ठाऊक नसते.

ही रचना रूढ झाली तेव्हा बिलिंगचा सर्व्हर मुख्य कार्यालयात असे आणि शाखेला त्याच्याखेरीज फारसे कोणाशी बोलायचे नसे. आता तसे राहिलेले नाही. आपल्या गोंदियाच्या शाखेतून बालाघाटला माल निघतो तेव्हा ई-वे बिल लागते. आंतरराज्य मालासाठी ते १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले आणि ते सरकारी पोर्टलवर तयार होते. आपल्यासारख्या जुन्या रचनेत गोंदियाच्या संगणकावरून निघालेली ही विनंती आधी गांधीबागेत येते, तेथील फायरवॉलमधून (ये-जा तपासणाऱ्या पहारेकरी यंत्रातून) इंटरनेटवर जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत फिरते. वर्ध्याहून यवतमाळला निघालेल्या माणसाला आधी नागपूर दाखवून आणावे, तसा हा प्रकार आहे. गांधीबागेत वीज गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला, की तिकडे गोंदियात भरलेला ट्रक ई-वे बिलाची वाट पाहत उभा राहतो, आणि त्या ट्रकचालकाला गांधीबागेतल्या विजेशी आपला काय संबंध, हे कोणी समजावून सांगू शकत नाही.

आता त्या दोन वस्तूंकडे वळू. पहिली एसडी-वॅन. हिच्यात प्रत्येक शाखेत एक यंत्र बसते, त्याला फायबर ब्रॉडबँड, लीज लाइन, सिम अशा दोन-तीन जोडण्या लावतात आणि त्यांच्यावरून शाखा-शाखांमध्ये कूटबद्ध बोगदे, म्हणजे बाहेरच्याला आतला मजकूर वाचता न येणाऱ्या वाटा, तयार होतात. कोणती वाहतूक कोणत्या वाटेने जावी याचे नियम एका वेब-पडद्यावरून ठरतात. तो पडदा तेवढा क्लाउडमध्ये असतो. गोंदियाचे बिल गांधीबागेला थेटच येते. दुसरी वस्तू म्हणजे आपली वाहतूकच एखाद्या मोठ्या क्लाउड कंपनीच्या स्वतःच्या जागतिक जाळ्यावरून नेणे. अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये ‘क्लाउड वॅन’ याच नावाची सेवा सर्वांसाठी खुली केली, ती या प्रकारातली. ज्यांची कार्यालये नागपूर, फ्रँकफर्ट आणि सिंगापूर अशी पसरलेली आहेत, किंवा ज्यांचे सर्व सर्व्हर आधीच क्लाउडमध्ये गेले आहेत, त्यांना तिचा मोठा उपयोग होतो. आपल्या पाचही शाखा विदर्भातच आहेत आणि बिलिंगचा सर्व्हर गांधीबागेत आहे, तेव्हा आपल्याला ती नको आहे.

याचे कारण भूगोलात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन येऊन एक मिलिसेकंद लागतो, आणि हा वेळ कोणतेही यंत्र कमी करू शकत नाही. अ‍ॅमेझॉनचे केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे. नागपूरहून हैदराबाद सुमारे पाचशे किलोमीटर आहे, तर मुंबई समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर. केबल कधीच इतकी सरळ जात नाही आणि वाटेतले प्रत्येक यंत्र थोडा थोडा वेळ खाते, म्हणून प्रत्यक्षातला विलंब या हिशेबापेक्षा जास्तच असतो. तो विलंब बिलिंगला सोसवेलही. परंतु गोंदियाचे पॅकेट गांधीबागेला पोहोचवण्यासाठी मुंबईला वळसा घालण्यात अर्थ काय? म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा की त्यांचे आपल्याला सर्वांत जवळचे केंद्र, ज्याला ते ‘पॉप’ म्हणतील, कोणत्या शहरात आहे, आणि दोन शाखांमधली वाहतूक त्या केंद्रातून जाणार की थेट. उत्तरात समुद्रापलीकडच्या शहराचे नाव आले, तर चहा देऊन बैठक संपवावी.

मग एसडी-वॅन कशासाठी घ्यावी? लाइन पूर्ण तुटली तर साधा दोन लाइनींचा राउटरही ते ओळखतो आणि दुसऱ्या लाइनवर जातो. त्यासाठी एवढा खर्च नको. खरा त्रास अर्धमेल्या लाइनीचा असतो. दिवा हिरवा, कंपनीच्या तक्रार केंद्राच्या लेखी लाइन सुरू, आणि तरी शंभरातली पाच पॅकेटे वाटेत गळत असल्यामुळे बिलिंगचा पडदा क्षणोक्षणी गोठतो, ही अवस्था आपल्या कर्मचाऱ्यांनी नक्की अनुभवली असेल. एसडी-वॅनचे यंत्र प्रत्येक वाटेवर सतत चाचणीची छोटी पॅकेटे सोडून विलंब, विलंबातील चढउतार आणि गळती मोजत राहते. फोनवरील संभाषणासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जुनी शिफारस आहे. अशा मर्यादा आपण घालून दिल्या, की वाट बिघडू लागताच बिलिंग आणि फोन चांगल्या वाटेवर जातात आणि संगणकांचे अपडेट वाईट वाटेवर राहतात. बोगद्यातून चालणारे काम या बदलात सहसा तुटत नाही. मात्र थेट इंटरनेटवर जाणाऱ्या वाहतुकीचा बाहेरचा पत्ता वाट बदलताच बदलतो, त्यामुळे बँकेच्या पोर्टलवर पुन्हा लॉगिन करावे लागते. हे कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात नव्या यंत्राची बदनामी होते.

आता प्रत्यक्ष निर्णयाविषयी. करार पूर्ण मुदतीसाठी न वाढवता सहा महिन्यांसाठी वाढवून मागा. त्या काळात आधी दोन आठवडे नुसती मोजणी करा, म्हणजे प्रत्येक शाखेतली किती वाहतूक गांधीबागेच्या सर्व्हरला जाते आणि किती केवळ गांधीबागेतून पुढे इंटरनेटवर जाते ते पाहा. दुसरा आकडा मोठा निघाला, तर शाखेतून थेट इंटरनेट देण्याला अर्थ आहे. पण मग प्रत्येक शाखेचे दार बाहेरच्या जगाला उघडे होणार असल्यामुळे तेथे फायरवॉल किंवा क्लाउडमधील गाळणीचा खर्च हिशेबात धरावा लागेल. हा खर्च पहिल्या कोटेशनमध्ये सहसा दिसत नाही. त्यानंतर चंद्रपूर आणि गोंदिया या दोन शाखांत नवे यंत्र जुन्या लाइनीसह चालवून पाहा. नव्या यंत्राला एमपीएलएस ही आणखी एक वाटच असते, ती काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. आणि एक जुने काम याच वेळी उरकून घ्या. आपल्या शाखा पूर्वी वेगवेगळ्या माणसांनी जोडल्या असतील, तर त्यांतील अर्ध्या शाखांचे अंतर्गत पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असण्याची दाट शक्यता आहे, कारण बाजारातले अनेक राउटर तसेच येतात. एकाच पत्त्याची दोन घरे असतील तर टपालवाला काय करणार? बोगदे जोडण्याआधी प्रत्येक शाखेला वेगळी पत्तामालिका द्यावी. नंतर हे काम करण्यासाठी प्रत्येक शाखेत प्रिंटरसुद्धा एकेक करून बदलावे लागतात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची वरुडला शाखा आहे. एक लाइन पुरेशी नाही म्हणून आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर जोडणी घेतली आणि नवे यंत्रही बसवले. तरीही रस्त्याच्या खोदकामात दोन्ही लाइनी एकाच वेळी बंद पडल्या आणि शाखा दोन दिवस हाताने पावत्या फाडत होती. यंत्र सदोष आहे काय? — व्यवस्थापक, सहकारी पतसंस्था

उत्तर : यंत्र निर्दोष आहे. आपण दोन कंपन्या घेतल्या, दोन वाटा घेतल्या नाहीत.

हा सदराचा विषय म्हणून प्रस्तुत लेखकाने स्वतःची चूक सांगणे योग्य ठरेल. काही वर्षांपूर्वी नागपुरातील एका कार्यालयासाठी मी दोन कंपन्यांच्या जोडण्या मागवल्या. एक केबल काळी होती, एक पांढरी. एक समोरच्या खिडकीतून आत आली, एक मागच्या. मी समाधानाने सही करून दिली. पुढे पावसाळ्यात मागच्या गल्लीतला एक खांब पडला आणि दोन्ही लाइनी गेल्या, कारण समोरून आलेली केबलही इमारतीला वळसा घालून त्याच खांबावर गेली होती. त्यापुढे तर दोघांचेही तंतू एकाच तिसऱ्या कंपनीच्या केबलमध्ये होते, आणि ही माहिती दोन्ही विक्री प्रतिनिधींना नव्हती. सिमेंट रस्त्यांच्या कामांनी आणि जेसीबीने नागपूरकरांना जे शिकवले आहे, ते तालुक्याच्या गावी अधिकच खरे असते, कारण तेथे मुख्य रस्ता एकच आणि त्याच्या कडेचा चरही बहुधा एकच असतो.

दोन लाइनींचा हिशेब कागदावर फार आकर्षक दिसतो. महिन्याचे ७२० तास धरले तर ९९ टक्के चालणारी एक लाइन सुमारे सव्वासात तास बंद असते; तशाच दोन लाइनी एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ साडेचार मिनिटांहूनही कमी येतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील झळाळणारे आकडे या गुणाकारातून आलेले असतात. दोन्ही तारा एका चरात गेल्या की गुणाकार लागू होत नाही आणि आपण पुन्हा सव्वासात तासांवर येतो, तेही दोन लाइनींचे भाडे भरून.

म्हणून दुसरी जोडणी घेताना दोन प्रश्न लेखी विचारावेत. शेवटच्या टप्प्यातील केबल नेमकी कोणाच्या मालकीची आहे, आणि शाखेपासून पहिल्या मोठ्या केंद्रापर्यंतचा मार्ग कोणता. मोठ्या ग्राहकांना कंपन्या मार्गाची केएमझेड फाइल देतात आणि ती नकाशावर उघडून दोन्ही मार्ग एकावर एक ठेवून पाहता येतात. आपल्याला ती मिळाली नाही, तर एखाद्या जाणकार तंत्रज्ञाला सोबत घेऊन दुचाकीवर केबलच्या मागोमाग पाच-सात किलोमीटर जाऊन यावे. ही सूचना मी विनोदाने करत नाही. माझ्या अनुभवात याहून स्वस्त आणि खात्रीचा तपास दुसरा नाही.

वरुडसारख्या ठिकाणी दुसरी वाट तारेची नसावी, असे माझे मत आहे. छतावरून रेडिओ लिंक मिळत असेल तर उत्तम, नाहीतर फोर-जी किंवा फाइव्ह-जी सिम. त्यातही एक मेख आहे, ती म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यापर्यंतही फायबरच आलेले असते आणि ते त्याच चरातले असू शकते. त्या दोन दिवसांत गावातल्या कोणत्या कंपनीच्या मोबाइलवर इंटरनेट सुरू होते, हे शाखेतल्या लोकांना आठवत असेल. त्याच कंपनीचे सिम घ्या.

सिमवर नेहमी दुसरी अडचण सांगितली जाते, की त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, शेकडो ग्राहक एका पत्त्यामागे दडलेले असतात, त्यामुळे नागपूरहून त्या शाखेला हाक मारता येत नाही. क्लाउडमधील मध्यस्थ केंद्राचा छोट्या संस्थेला सर्वाधिक उपयोग येथेच होतो. शाखेचे यंत्र स्वतःहून बाहेर त्या केंद्राला जोडून घेते, मुख्य कार्यालयही तेथे येते, आणि दोघांची गाठ तेथे पडते.

प्रश्न : आमची सनदी लेखापालांची फर्म आहे. सहकाऱ्यांना घरून टॅली उघडता यावी म्हणून कार्यालयातील संगणकाचे रिमोट डेस्कटॉप (दुरून त्याचा पडदा वापरण्याची सोय) राउटरवरून बाहेर उघडून दिले आहे. सुरक्षिततेसाठी पोर्टचा, म्हणजे संगणकात शिरण्याच्या दाराचा, ३३८९ हा नेहमीचा क्रमांक बदलून दुसरा ठेवला आहे. एवढे पुरेसे आहे ना? शिवाय व्हीपीएन (घरापासून कार्यालयापर्यंतचा कूटबद्ध बोगदा) घेतल्यास टॅली फार संथ चालते, असे ऐकतो. — भागीदार, रामदासपेठ

उत्तर : पुरेसे नाही. हा अंक हाती येताच, शक्य तर पुढचा परिच्छेद वाचण्याआधी, राउटरवरील तो नियम बंद करावा.

पोर्टचा क्रमांक बदलणे म्हणजे कुलूप तेच ठेवून दाराचा रंग बदलणे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे सर्व पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘झेडमॅप’ हे साधन प्रसिद्ध केले, तेव्हाच त्यांनी एका संगणकावरून ४५ मिनिटांच्या आत या सर्व पत्त्यांवर एक पोर्ट तपासून दाखवले होते. म्हणजे आपल्या फर्मचे नाव कोणाला माहीत असण्याचीही गरज नाही. उघडे दार शोधणाऱ्याला ते आपोआप सापडते, मग पासवर्डचे अंदाज रात्रंदिवस चालतात, आणि एखाद्या सकाळी सर्व ग्राहकांच्या फाइली कुलूपबंद होऊन पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसते. आपल्या व्यवसायात ही सकाळ विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या आसपास उगवली तर काय होईल, हे मी आपणास सांगायला नको.

टॅलीच्या संथपणाविषयी आपण ऐकले ते खरे आहे, पण दोष व्हीपीएनचा नाही. घरच्या संगणकावर टॅली चालवून कार्यालयातली डेटा फाइल बोगद्यातून उघडली, की प्रत्येक नोंदीसाठी अनेक छोट्या फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला विलंब लागतो, आणि मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याची भीती वेगळीच. टॅली जेथे डेटा आहे तेथेच चालवावी आणि घरी फक्त पडदा न्यावा. आपण आज करता तेही हेच; फक्त त्या पडद्यापर्यंतची वाट बदलायची आहे.

त्यासाठी आज ‘झिरो ट्रस्ट’ नावाने मिळणारी सेवा आपल्यासारख्या फर्मला सोयीची आहे. ‘कोणीही आत आहे म्हणून विश्वासू धरू नये’ हा विचार या नावाने २०१० च्या सुमारास मांडला गेला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये त्याची चौकट प्रसिद्ध केली. कार्यालयातील संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसतो आणि तो स्वतःहून बाहेरच्या क्लाउड केंद्राशी जोडून घेतो, त्यामुळे राउटरवर बाहेरून एकही दार उघडे ठेवावे लागत नाही. सहकारी घरून त्या केंद्रावर येतो, पासवर्डबरोबर मोबाइलवरील दुसरी खूण देतो आणि त्याला केवळ टॅलीच्या संगणकाचा पडदा मिळतो. जुन्या व्हीपीएनमध्ये एकदा आत आलेल्या माणसाला, आणि त्याच्या संगणकावरील विषाणूलाही, बहुधा सगळे कार्यालय मोकळे असे. घरचा संगणक दुपारी मुलांच्या खेळासाठीही वापरला जात असेल, तर हा फरक मोठा आहे.

आणखी एक बाब आपल्या कानावर घालतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा सायबर घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. आपल्या राउटरमध्ये कालच्या नोंदी तरी आहेत का, ते एकदा पाहावे.

प्रश्न : धंतोलीतील आमच्या निदान केंद्राशी भंडारा आणि उमरेडची केंद्रे बोगद्याने जोडली. अहवाल, फोन, सगळे चालते. पण सीटी स्कॅनच्या प्रतिमा निघतात आणि अडकून पडतात. विक्रेता वेग वाढवायला सांगतो. — निदान केंद्राचे संचालक

उत्तर : लहान मजकूर सुखरूप पोहोचतो आणि मोठा अडकतो, हे लक्षण वेगापेक्षा मापाकडे बोट दाखवते. इंटरनेटवरील पॅकेट साधारणपणे १५०० बाइटचे असते. ब्रॉडबँडची लॉगिन पद्धत त्यातले ८ बाइट घेते आणि बोगद्याचे कूटबद्ध वेष्टण आणखी पन्नास ते ऐंशी बाइट घेते. भरलेले पॅकेट वेष्टणासह मापाबाहेर जाते, वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि ‘लहान करून पाठवा’ असा निरोप परत धाडतो. पण एखाद्या अतिसावध फायरवॉलने तो निरोपच अडवला असेल, तर पाठवणारा संगणक तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. यंत्रात ‘एमएसएस’ ही एका पॅकेटमधील मजकुराची कमाल मर्यादा १३६० किंवा त्याच्या आसपास आणून पाहण्यास सांगा. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ते केल्यावरही वेळ लागत असेल, तर वेगाचा हिशेब करावा. सीटीची एक प्रतिमा ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची आणि प्रत्येक ठिपका दोन बाइटचा, म्हणजे अर्धा मेगाबाइट. ५०० कापांची तपासणी २५० मेगाबाइटची झाली. भंडाऱ्याहून वर चढवण्याचा वेग १० एमबीपीएस असेल तर तिला कमीत कमी सव्वातीन मिनिटे लागणारच. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला आकडा अनेकदा खाली उतरवण्याचा असतो. आपल्याला उलट दिशेचा हवा आहे.

प्रश्न : भामरागड परिसरात आमच्या संस्थेचे केंद्र आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताही तुटतो आणि नेटही. तेथे उपग्रह जोडणीवर एसडी-वॅन चालेल काय? — सामाजिक संस्था, गडचिरोली

उत्तर : चालेल, पण फार उपयोग होणार नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो आणि उत्तरही तसेच वर जाऊन खाली येते, म्हणून जवळपास अर्धा सेकंद प्रकाशालाच लागतो. हा विलंब झाकण्यासाठी उपग्रहाच्या मोडेममध्ये काही युक्त्या केलेल्या असतात, पण त्यांना पॅकेटच्या आत डोकवावे लागते. आपण वरून कूटबद्ध बोगदा घातला की त्यांना आतले दिसत नाही आणि जोडणी उलट अधिक संथ होते. तेथे कामाची रीत बदलणे अधिक शहाणपणाचे वाटते. रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी केंद्रातल्या संगणकावरच कराव्यात, रात्री त्या थोड्याथोड्याने वर पाठवाव्यात, आणि पाठवणी मध्येच तुटली तर जेथे थांबली तेथून पुढे सुरू होईल असेच सॉफ्टवेअर निवडावे. उपग्रहाची लाइन दिवसा फोनसाठी मोकळी राहू द्यावी.

प्रश्न : आमच्या वीस कार्यालयांचे सर्व नियंत्रण आता एका क्लाउड पडद्यावर आले आहे. उद्या तो पडदाच बंद पडला, तर वीसही कार्यालये बंद पडतील काय? — आयटी व्यवस्थापक, मिहान

उत्तर : लगेच नाही. चांगल्या रचनेत नियम ठरवणारा भाग आणि पॅकेट वाहणारा भाग वेगळे असतात. पडदा बंद झाला तरी शाखांतली यंत्रे शेवटच्या नियमांवर चालत राहतात, फक्त नवा बदल करता येत नाही. परंतु बोगद्यांच्या किल्ल्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात, आणि पडद्याशिवाय त्या बदलता येतात की नाही हे उत्पादनागणिक वेगळे असते. ‘पडद्याविना यंत्र किती तास चालेल?’ या प्रश्नाचे उत्तर करारात लिहून घ्यावे, आणि एका रविवारी दोन कार्यालयांत पडद्याची वाट मुद्दाम अडवून ते पडताळावे.

याहून मोठा धोका आपल्याच हातून होणाऱ्या चुकीचा आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीची केंद्रे एकमेकांपासून तुटली, आणि दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी पोहोचावे लागले. आपल्या पडद्यावरही एका चुकीच्या टिचकीने वीस कार्यालये एकदम तुटू शकतात. पूर्वी त्यासाठी वीस वेगळ्या चुका कराव्या लागत. म्हणून बदल आधी एकाच कार्यालयात करावा, प्रत्येक यंत्राचा स्थानिक पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा, आणि मुख्य कार्यालयातील यंत्राला जाळ्याबाहेरून पोहोचता येईल असे एक स्वतंत्र सिम लावून ठेवावे. पडद्याच्या प्रशासक खात्याला दुसरी खूण नसेल, तर वीस दारांची किल्ली एकाच खिळ्याला टांगली आहे असे समजा.

प्रश्न : बुटीबोरीतील आमच्या कारखान्यात नवे यंत्र मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद होते आणि संध्याकाळी सुरू होते. कंपनीने दोनदा बदलून दिले. — कारखाना व्यवस्थापक

उत्तर : कार्यालयीन वापराची बहुतेक यंत्रे शून्य ते चाळीस अंश तापमानासाठी बनवलेली असतात, आणि आपल्याकडे नवतपात सावलीतच पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. पत्र्याच्या केबिनमधील बंद कपाटात तो किती असेल याची कल्पना करा. तिसरे यंत्र मागवण्याआधी कपाटात एक साधा तापमापक ठेवून दुपारी तीनला पाहावा. औद्योगिक वापराची यंत्रे याहून बरेच जास्त तापमान सोसतात, पण महाग असतात. त्यापेक्षा यंत्र एसी असलेल्या खोलीत हलवणे आणि तेथपर्यंत केबल ओढणे स्वस्त पडेल. केबलची मर्यादा शंभर मीटरची आहे, त्याहून लांब असेल तर आतल्या आत फायबर टाकावे. आपण छायाचित्रात दाखवल्याप्रमाणे यंत्रासमोर खसचा कूलर मात्र लावू नये. ती ओली हवा सर्किटवर धूळ चिकटवते आणि जोडण्या गंजवते. कूलर पाळीवरच्या माणसांकडे वळवावा.